एकाच बोअरच्या पाण्याचा अहवाल दर खेपेला वेगळा येतो, तेव्हा चूक कुठे शोधायची?

समजा, एका बोअरच्या पाण्यात ऑक्टोबरला नायट्रेट लिटरला ८५ मिलिग्रॅम आलं, जानेवारीला ४० आणि मे महिन्यात १५. बोअर तोच, प्रयोगशाळा तीच. मग कोणी म्हणतं प्रदूषण ओसरतंय, कोणी म्हणतं प्रयोगशाळेनं घोळ घातला. सोलापूर परिसरात रंगाईच्या युनिटजवळचा बोअर असो, साखर कारखान्याच्या खालच्या अंगाची विहीर असो की गावठाणातला हातपंप, ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा दोन्ही तर्क चुकीचे निघतात. पाणी बाटलीत पडण्याआधीच गडबड झालेली असते, आणि तिचं मूळ इथल्या खडकात आणि बोअरच्या बांधणीत असतं. म्हणून आधी कागद तपासा, मग बोअर, मग उपसा आणि शेवटी बाटली.

त्याच्याही आधी एक काम करा. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम आहे, दोन्हींत सवलत नाही. एका जरी अहवालात आकडा याच्या वर गेला असेल, तर तो खरा की खोटा हे ठरेपर्यंत ते पाणी पिण्यासाठी वापरू देऊ नका. बाळाच्या दुधासाठी तर मुळीच नाही. उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं.

आधी अहवालाचाच हिशेब

क्षेत्रावर परत जाण्यापूर्वी दहा मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसा. पाण्यात धन आणि ऋण आयनांचा भार सारखाच असतो. मिलिग्रॅमचे मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक) करण्यासाठी कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.१५, सोडियमला २३, पोटॅशियमला ३९.१, क्लोराईडला ३५.४५, सल्फेटला ४८, बायकार्बोनेटला ६१ आणि नायट्रेटला ६२ नं भागा.

हिशेबापुरतं एक पाणी घेऊ. कॅल्शियम ९२, मॅग्नेशियम ६१, सोडियम २१०, पोटॅशियम ४ यांची बेरीज १८.८ येते. क्लोराईड ३४०, सल्फेट १३०, बायकार्बोनेट ३६०, नायट्रेट ६२ यांची १९.२. फरक ०.४, एकूण बेरीज ३८, म्हणजे तफावत एक टक्का. पाच टक्क्यांपर्यंत चालतं. दहाच्या वर गेली तर त्या अहवालावरून काहीच ठरवू नका. याच पाण्याची ईसी (विद्युतवाहकता) साधारण १९०० मायक्रोसिमेन्स असायला हवी, कारण धन आयनांच्या बेरजेला शंभरनं गुणलं की ईसीचा अंदाज येतो. अहवालात ईसी १२०० असेल तर एक तर बाटली बदलली आहे किंवा मीटर चुकलं आहे. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) भागिले ईसी हे उत्तरही ०.५५ ते ०.७५ च्या दरम्यान बसलं पाहिजे.

हिशेब जुळत नसेल तर सर्वांत आधी एककं बघा. काही प्रयोगशाळा नायट्रेट नायट्रोजनच्या रूपात देतात. तिथला १४ हा आकडा म्हणजे नायट्रेट म्हणून ६२ (४.४३ नं गुणा). एका खेपेला असा आणि पुढच्या खेपेला तसा अहवाल आला की पाणी न बदलताही चौपट फरक दिसतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिली असेल तर बायकार्बोनेटसाठी १.२२ नं गुणा. मळीच्या सांडपाण्याचा संशय असेल आणि पोटॅशियम मोजलेलंच नसेल, तर धन बाजू कायम कमी पडणार. त्यात प्रयोगशाळेचा दोष नाही. मोजायला सांगितलं नाही, एवढंच.

एका बोअरमध्ये एकच पाणी नसतं

हिशेब जुळला आणि तरी आकडे उड्या मारत असतील, तर खरं कारण बहुधा इथे सापडतं.

आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, मध्ये मध्ये मांजऱ्या (सच्छिद्र, ठिपकेदार खडक) आणि लाल गेरूचे थर. पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे पसरलेलं नसतं. मुरुमाच्या तळाशी, दोन थरांच्या सांध्यावर, एखाद्या भेगेत असं ते ठरावीक फुटांवर लागतं. बोअर मारताना केसिंग (भिंत ढासळू नये म्हणूनचा पाइप) मुरूम संपेपर्यंतच घालतात, खालचं भोक उघडंच राहतं. म्हणजे ५० फुटांवरचं मुरुमातलं पाणी आणि १६० फुटांवरच्या सांध्यातलं पाणी एकाच नळीत येतं. सांडपाणी, उकिरडा, गोठा, खत यांचा मारा वरच्या पाण्यावर होतो. खालचं पाणी बरेचदा पुष्कळ चांगलं असतं.

आता सुरुवातीचे तीन आकडे पुन्हा वाचा. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये मुरूम भरलेला असतो आणि बोअरमध्ये वरचं पाणी जास्त येतं. मे महिन्यात मुरूम कोरडा पडतो, मोटार फक्त खालच्या भेगेतलं पाणी ओढते आणि नायट्रेट १५ येतं. प्रदूषण जागेवरच आहे, फक्त ते पाणी त्या दिवशी बोअरमध्ये आलं नाही. मे महिन्याच्या एका नमुन्यावर 'पाणी सुधारलं' असा शेरा मारणं धोक्याचं आहे, कारण गाव त्या शेऱ्यावर विसंबून पाणी पितं.

दुसरी गोष्ट रात्री घडते. मोटार बंद असताना वरच्या भेगेतलं पाणी बोअरमधून उतरत खालच्या भेगेत शिरत राहतं. दोन दिवस लाईट नसेल तर दोन दिवस. सकाळी मोटार चालू केली की खालच्या भेगेतून आधी तेच शिरलेलं पाणी परत येतं. त्यामुळे पाच मिनिटांनी घेतलेला नमुना आणि दोन तासांनी घेतलेला नमुना वेगळे निघतात. शिवाय हाच बोअर घाण खाली नेण्याची वाट बनतो, म्हणून तपास संपल्यावर तो तसाच उघडा सोडून देऊ नये.

हे पडताळायची सोपी रीत: मोटार वर काढलेली असेल त्या दिवशी लांब केबलचा ईसी प्रोब पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंत दर ३ फुटांनी उतरवा, आकडा थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबा आणि ईसी व तापमान लिहा. उतरतानाच वाचा, वर ओढताना पाणी ढवळलेलं असतं. जिथे आकडा पायरीसारखा बदलतो तिथे बहुधा भेग आहे. मोटार आत असताना प्रोब सोडू नका. केबल आणि पाइपात अडकला की प्रोबही जातो आणि मोटारही काढावी लागते. प्रोब नसेल तर बोअर-कॅमेऱ्यानं आतून बघून घ्या. बोअर मारणाऱ्याकडे 'पाणी किती फुटाला लागलं' याची नोंद असते, ती आधी विचारा. जागामालकाला दोन्ही पाणी लागलेले फूट बहुधा तोंडपाठ असतात.

कॅमेऱ्यात केसिंगच्या बुडाखालची भिंत ओली, मातीचे ओघळ आलेली दिसली तर केसिंग तोकडं आहे किंवा त्याच्या बाहेरची पोकळी भरलेली नाही. अशा बोअरचं पाणी पावसानंतर दोन-चार दिवसांत गढूळ होतं आणि ईसी एकदम उतरते. तो बोअर भूजलाचं नव्हे, अंगणातल्या पाण्याचं मोजमाप देतो. निरीक्षणाच्या यादीतून तो काढा. प्रत्येक पाण्यासाठी वेगळा निरीक्षण बोअर घ्या: चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप फक्त त्या भेगेसमोर, बाहेरून धुतलेली बारीक खडी, तिच्यावर किमान दोन फूट बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) आणि वरपर्यंत सिमेंट. हवेच्या दाबाच्या मशीननं मारलेल्या नव्या बोअरमध्ये कॉम्प्रेसरचं तेल आणि खडकाची भुकटी असते. पाणी स्वच्छ येईपर्यंत उपसा करून आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मगच पहिला नमुना घ्या.

उपसा किती करायचा

'पाच मिनिटं मोटार चालवून नमुना घेतला' हे वाक्य क्षेत्र-नोंदवहीत दिसलं की आकडे का जुळत नाहीत ते कळतं. सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साडेपाच लिटर पाणी असतं, साडेसहा इंचीत साडेसहा लिटर. २६० फूट खोल सहा इंची बोअर, पाणी ७० फुटांवर, म्हणजे १९० फुटांचा स्तंभ आणि १०४५ लिटर. तिप्पट उपसा म्हणजे ३१३५ लिटर. २० लिटरची बादली १५ सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला ८० लिटर, म्हणजे जवळपास ४० मिनिटं. पाच मिनिटांत स्तंभाचा निम्मा भागही हलत नाही.

तिप्पट हा अंदाज झाला. नमुना घ्यायची वेळ मीटर ठरवतं. नळापासून थेट वाहत्या बादलीत प्रोब बुडवून दर पाच मिनिटांनी वाचा. लागोपाठ तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, ईसी ३ टक्क्यांच्या आत आणि तापमान अर्ध्या अंशाच्या आत राहिलं की घ्या. दोन पाण्यांच्या बोअरमध्ये ईसी एकदा थांबल्यासारखी वाटते आणि वीस मिनिटांनी पुन्हा सरकते. वरचं पाणी संपून खालचं सुरू झाल्याची ती खूण आहे. तसं झालं तर दोन्ही टप्प्यांचे नमुने घ्या आणि लेबलवर उपशाची मिनिटं लिहा.

उन्हाळ्यात हा हिशेब चालत नाही. पाणी १९० फुटांवर गेलेलं, मोटार २३० वर, आणि चार-पाच मिनिटांत ती हवा ओढायला लागते. अशा वेळी मोटार थांबवा, बोअर भरू द्या आणि पुरेसं पाणी जमताच त्याच दिवशी नमुना घ्या. दुसऱ्यांदा कोरडा करू नका. पातळी वरच्या भेगेच्या खाली गेली की पाणी भिंतीवरून धारेनं कोसळतं, तोंडाशी कान लावला तर ऐकू येतं. त्या पडण्यात हवा मिसळते, लोह गंजून खाली बसतं आणि पेट्रोल-डिझेलसारखे उडून जाणारे घटक निघून जातात. पेट्रोल पंपाजवळच्या बोअरमध्ये असा नमुना 'काही आढळलं नाही' असं खोटं समाधान देतो. त्यासाठी मिनिटाला पाव ते अर्धा लिटर ओढणारा लहान पंप लावा आणि पातळी चार इंचांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

पाणी नेहमी टाकीच्या आधीच्या तोंडातून घ्या. टाकी, ठिबकचा फिल्टर, रबरी नळी यांच्यानंतरचा नमुना त्या वस्तूंचाही असतो. जुन्या जस्ताच्या पाइपातून आलेल्या पाण्यात जस्त आणि लोह सापडलं तर ते पाइपाचं समजा.

शेजारच्या मोटारी विसरू नका. शेतीच्या थ्री-फेज लाईटची पाळी रात्रीची असेल तर सकाळी सगळ्या बोअरांची पातळी ओढलेली असते, दिवसाची असेल तर सकाळी ती विसावलेली असते. पाळी वेगळी असताना मोजलेल्या पातळ्या एकाच नकाशावर मांडल्या तर प्रवाहाची दिशाच उलटी निघू शकते. फॉर्मवर 'लाईटची पाळी' असा एक रकाना जरूर ठेवा.

विहिरीचं प्रकरण वेगळं

सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटरला २८ हजार लिटर पाणी असतं, तिप्पट उपसा शक्यच नाही. तिथे खरं काम प्रश्न विचारण्याचं आहे. बोअरचं पाणी विहिरीत सोडता का? आपल्याकडे बहुतेक जण सोडतात, कारण बोअरची धार बारीक असते आणि साठवूनच भिजवावं लागतं. मग विहिरीचा नमुना हा बोअरचा नमुना झाला. टँकर रिकामा होतो का? कालव्याचं किंवा शेततळ्याचं पाणी येतं का? ग्रामपंचायतीनं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकली? या चारपैकी एकाचंही उत्तर 'हो, परवाच' असेल तर त्या दिवशी नमुना घेऊ नका. जीवाणूंसाठीची बाटली निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेलीच हवी, नाहीतर बाटलीत उरलेलं क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल स्वच्छ येतो.

नमुना पृष्ठभागावरचा नको, तिथे शेवाळामुळे दुपारी पीएच चढलेला असतो. पाणी उतरलेलं असताना झरा दिसत असेल तर थेट झऱ्याच्या तोंडाशी बाटली धरा. त्यासाठी एकट्यानं विहिरीत उतरू नका.

धातू एकदम वाढले तर आधी गढूळपणा बघा

क्रोमियम, निकेल, मँगनीज, लोह, ॲल्युमिनियम हे सगळे एकाच नमुन्यात एकत्र उसळले तर ती बहुधा गाळलेली नाही अशी माती आहे. बेसॉल्टच्या मातीत हे धातू मुळातच भरपूर असतात. गढूळ पाण्यात नायट्रिक ॲसिड घातलं की मातीच्या कणांतले धातू विरघळतात आणि अहवालात पाण्याच्या नावावर चढतात. क्रम असा: आधी जागेवरच ०.४५ मायक्रॉन फिल्टरनं गाळा, पहिले ५० मिलिलिटर फेकून द्या, मग बाटली भरून पीएच २ च्या खाली येईपर्यंत नायट्रिक ॲसिड घाला. सोबत एक न गाळलेली बाटली वेगळी घ्या. न गाळलेल्या बाटलीत लोह-ॲल्युमिनियमही क्रोमियमबरोबर वाढलेलं आणि गाळलेल्यात काहीच नाही, तर चिंता मातीची नव्हे, बोअरच्या बांधणीची करा. गाळलेल्यातही क्रोमियम टिकलं तर ते गांभीर्यानं घ्या आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप) वेगळं मोजायला सांगा. त्या बाटलीत ॲसिड घालायचं नाही. ॲसिडमध्ये त्याचं रूप बदलतं आणि आकडा शून्याकडे जातो. ती गाळून, थंड ठेवून २४ तासांत पोचवा.

बाटल्या, बर्फ, मीटर

नायट्रेट बिनॲसिडच्या बाटलीत, ४ अंशांवर, ४८ तासांच्या आत. धातूंच्या बाटलीतून नायट्रेट कधीच काढू नका, ॲसिडच नायट्रिक आहे. सीओडीला (रासायनिक प्राणवायू मागणी) सल्फ्युरिक ॲसिड, पीएच २ खाली. बीओडीला (जैविक प्राणवायू मागणी) काहीही न घालता फक्त बर्फ, आणि जितक्या लवकर पोचेल तितकं बरं. तेल-ग्रीस काचेच्या बाटलीत, बाटली त्या पाण्यानं न विसळता. पीएच आणि अल्कलिनिटी जागेवरच मोजा. पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत अडीचशे किलोमीटर जाईतो कार्बन डायऑक्साइड उडतो, बाटलीच्या भिंतीला चुना बसतो, आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट दोन्ही कमी भरतात.

सोलापूरच्या उन्हात बर्फाचं नियोजन हे अर्धं काम आहे. सुटा बर्फ वितळून लेबलं धुऊन नेतो, म्हणून बर्फ जाड पिशव्यांत बांधा, लेबल पेन्सिलनं लिहून त्यावर चिकटपट्टी लावा आणि खोक्यात एक पाण्याची बाटली तापमान मोजण्यासाठी ठेवा. प्रयोगशाळेत पोचल्यावर तिचं तापमान १० अंशांच्या वर असेल तर बीओडी आणि जीवाणूंचे नमुने रद्द समजा.

ईसी मीटर रोज सकाळी १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणावर जुळवा, पण ते द्रावण जीपमध्ये तापलेलं नको. तापमान एका अंशानं वाढलं की ईसी सुमारे दोन टक्के चढते. तापमान-भरपाई बंद असेल तर ३२ अंशांच्या पाण्यात १४ टक्के जास्त दिसणार.

मातीचे नमुने जुळत नाहीत तेव्हा

काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी आणि त्याबरोबरची घाण भेगांतून थेट खाली जाते, मधलं ढेकूळ कोरंच राहतं. एका ऑगरनं (माती काढायच्या गिरमिटानं) ढेकळातून घेतलं तर स्वच्छ, दुसऱ्यानं भेगेतून घेतलं तर दूषित. दोन्ही आकडे खरे असतात. भेगेच्या कडेची माती आणि ढेकळाच्या आतली माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या आणि तसं लिहा. पावसाळ्यात ओली चिकट माती ऑगरला लपेटते आणि वरची माती खाली नेते, म्हणून प्रत्येक टप्प्याला वरचा ओला थर सुरीनं खरवडून फक्त आतला गाभा घ्या.

मुरूम लागला की हाताचं ऑगर थांबतं, तिथे जेसीबीनं चर काढावा लागतो. नमुना बकेटच्या मधोमधून, लोखंडाला न लागलेला घ्या. चार फुटांपेक्षा खोल चरात आधाराशिवाय कोणालाही उतरवू नका. काळी माती कोरडी असताना भक्कम दिसते आणि ओली होताच न सांगता ढासळते.

तुलनेचा नमुना नेमका निवडा. इतर खडकांच्या प्रदेशातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर इथली निव्वळ शेतजमीनही क्रोमियम-तांब्यानं 'दूषित' ठरेल. वरच्या अंगाला, तशाच काळ्या मातीत, तितक्याच खोलीवर, रस्ता आणि कारखान्यापासून दूर असे निदान तीन नमुने घ्या. चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीची तुलना चोपण जमिनीशीच करा.

पाणी कुठून आलं त्याची खूण

एकच घटक बघून बोट दाखवू नका. क्लोराईड सगळ्यांकडेच असतं. नायट्रेट, क्लोराईड आणि कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जीवाणू) एकत्र असतील तर शोषखड्डे, गटार, गोठे बघा. कोलिफॉर्मशिवाय नायट्रेट असेल तर ऊस आणि खताकडे बघायला हरकत नाही. टॉवेल-चादरींच्या सुती रंगाईत मीठ किंवा सोडियम सल्फेट आणि धुण्याचा सोडा भरपूर लागतो, म्हणून तिथलं पाणी सोडियमनं जड, पीएच चढलेलं आणि सीओडी असलेलं येतं. रंग नेहमी दिसतोच असं नाही. डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्यात पोटॅशियम फार जास्त. बेसॉल्टमधल्या साध्या भूजलात ते एरवी लिटरला काही मिलिग्रॅमच असतं, म्हणून तपकिरी छटा नसतानाही पोटॅशियमच आधी सांगून जातं.

एवढं सगळं नीट करूनही आकडा हलला तर जोड-नमुन्याकडे वळा. दर दहा नमुन्यांमागे एका जागी दोन बाटल्या लागोपाठ भरा आणि प्रयोगशाळेला न कळेल असे वेगळे क्रमांक द्या. एक बाटली क्षेत्रावर उघडून भरलेल्या शुद्ध पाण्याची पाठवा. दोन जोड-बाटल्यांतला फरक त्यांच्या सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत (मातीत ३५ पर्यंत) आणि शुद्ध पाणी कोरं, तर प्रयोगशाळेवर शंका घेऊ नका. मग बदल पाण्यातलाच आहे. त्या वेळी आकडे तारखेपुढे न मांडता पाण्याच्या पातळीपुढे मांडा. बहुधा दोन ढीग दिसतील, मुरूम भरलेला असतानाचे आणि कोरडा असतानाचे. ऑक्टोबरचा आकडा मागच्या ऑक्टोबरशीच जोडा, आणि पिण्यायोग्य की नाही हे दोन्हींपैकी वाईट ढिगावरून ठरवा.